बजाचा दम

"हरकत असेल तर आत्ता बोला. मागनं कुणी तोंड उघडायचं नाही," ठोंबरे सर दोन्ही कप्तानांना म्हणाले, आणि मी मनातल्या मनात दोघांच्याही पाया पडले. बाबांनो, कुणीतरी एकानं हात वर करा आणि मला ह्यातनं सोडवा.

एक कप्तान माझा सख्खा धाकटा भाऊ, बजरंग. वडजाईचा, म्हणजे माझ्या माहेरचा. दुसरा माझा दीर, रणजित. तांबेखडीचा, म्हणजे सासरचा. आणि त्या दोघांच्या मधे, मध्यरेषेवर, गळ्यात शिट्टी अडकवून मी. तालुक्याच्या यात्रेतली कबड्डीची फायनल, पुरुषांची, आणि पंच म्हणून शालन म्याडम. बाई पुरुषांच्या फायनलला उभी राहते हेच आधी लोकांना बघायचं होतं. त्यात हे असं.

आमच्या भागात पंचाचं नातं काढणं हा सामन्याआधीचा अर्धा सामनाच असायचा. ह्याची मेहुणी त्यांच्या गावात दिलीय, तो परवा त्यांच्या पोलीसपाटलाकडं जेवायला होता, असलं काहीही चालायचं. कप्तानानं हात वर केला की पंच बदलायचा. एका बिचाऱ्याला तर त्यानं समोरच्या गावातनं म्हैस विकत आणली म्हणून बाजूला बसवलं होतं. आणि इथं मी एकाची बहीण, दुसऱ्याची वहिनी, तर दोघंही ढिम्म.

"आमची काय हरकत न्हाई सर," रणजित म्हणाला. "वहिनी न्यायाला पक्क्या हायत्या."

बजानं नुसती मान हलवली. मग दोघंही माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसले. त्या हसण्याचा अर्थ मला बरोबर कळला. दोघांचीही खात्री होती की मी त्यांची.

"सर, माझीच हरकत आहे," मी म्हणाले.

"पंचाला हरकत घेता येत नाही. आणि दुसरा पंच आणू कुठनं? नेमलेला गडी मोटरसायकलवरनं पडून दवाखान्यात झोपलाय. उभी राहा गुमान."

ठोंबरे सर आमच्या जिल्हा संघटनेचे मुख्य पंच. शिट्टी कशी धरायची, गर्दीकडं पाठ करून नजर पायांवर कशी ठेवायची, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. सामना झाला की जिल्ह्याच्या संघाची नावं तेच वाचून दाखवणार होते, आणि खरी गोम तिथं होती. बजाचं हे शेवटचं वर्ष. आमच्या आप्पांनी सांगून टाकलं होतं, यंदा जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर खेळ, नाहीतर कराडला मामाच्या टायरच्या दुकानात बस. टायरच्या दुकानाचं नाव काढलं तरी बजा ताटावरनं उठायचा.

सकाळी आईनं मला देवळामागं गाठलं होतं. "शालन, पोराचं आता तुझ्या हातात हाय बघ," एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. मी तिच्यावर खेकसले. आणि घरी सासूबाई, आमच्या आत्याबाई, मला म्हणाल्या होत्या, "आज भाकरी थापायच्या भानगडीत पडू नगंस. तू लवकर जा. दमशील." एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

ह्याला आता पंचवीसेक वर्षं झाली, पण ते मैदान अजून डोळ्यांसमोर आहे. दोन्हीकडं माणसांच्या भिंती. पोरं झाडांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर. हलगी कडाडतेय, भोंग्यावर समालोचकाचं तोंड एक क्षण थांबत नाही. मंडपात पुढच्या खुर्च्यांवर दोन व्याही शेजारीशेजारी, आमचे आप्पा आणि मामंजी. दोघांत एकच पानाचा डबा. आप्पा मामंजींना चुना लावून देतायत, मामंजी आप्पांना सुपारी कातरून देतायत. आपली मुलगी, आपली सून. दोघांचाही जीव गार होता.

शिट्टी झाली आणि मी नाती विसरले. खरंच विसरले. कबड्डीत पंचाला नात्यागोत्याला वेळच नसतो. पाय बघायचा, रेषा बघायची, हात लागला का बघायचं, आणि चढाईला आलेल्या गड्याचा दम ऐकायचा. तोंडानं कबड्डी कबड्डी चालू पाहिजे, एका श्वासात, आणि पंचाच्या कानाला स्पष्ट आलं पाहिजे. आवाज आला नाही तर चढाई रद्द, गुण गेला. तांबेखडीच्या अंगणात उतरणाऱ्याचा दम ऐकायचं काम माझ्याकडं होतं. म्हणजे बजाचा.

पहिल्या चढाईलाच तो असा गरजत आला की मैदान हसलं. त्याचा आवाज मूळचाच दांडगा. मळ्यातनं हाक मारली की घरात भांडं वाजायचं. लहानपणी अंगणात तो दम धरायचा आणि मी उंबऱ्यावर बसून बघायची, कधी तुटतो ते. त्याची ती कबड्डी कबड्डी ऐकत मी लहानाची मोठी झाले.

पहिल्या डावात तांबेखडीनं वडजाईला लोळवलं. रणजितची पकड म्हणजे पकड, एकदा घोटा हाताला लागला की गडी गेला. एकदा बजाचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला, मी शिट्टी मारली. मंडपातनं आप्पा उठून उभे राहिले. पुढच्याच चढाईला रणजितचा एक गडी पकडीच्या नादात, चढाई संपायच्या आधीच, मध्यरेषा ओलांडून आला, त्यालाही बाद दिला. आता मामंजी उठून उभे राहिले. मला बरं वाटलं. दोघंही चिडतायत म्हणजे आपलं बरोबर चाललंय.

मध्यंतरानंतर मात्र बजा पेटला. बोनस रेषेपलीकडं पाय टेकवून एक गुण मारला. मग डाव्या कोपऱ्यातला गडी टिपला. मग एकदम दोघांना घेऊन परत आला. वडजाईवाल्यांनी टोप्या उडवायला सुरुवात केली. हलगीवाला वेडा झाला, समालोचकाचा भोंगा फुटायला आला. गर्दी रेषेपर्यंत सरकली, तिला ढकलता ढकलता कार्यकर्त्यांचे सदरे फाटले. मी रेषेवरनं खालीवर पळतेय, घामानं डोळे चुरचुरतायत, आणि खरं सांगते, असला खेळ मी आयुष्यात बघितला नव्हता. अंगावर काटा येत होता.

मधेच रणजितनं हात वर केला. "वहिनी, त्याचा आवाज येत न्हाई."

"माझ्या कानाला येतोय," मी म्हणाले. "खेळा."

"अवो, न्हाईच येत. तोंड नुसतंच हलतंय."

"भावजी, पुन्हा बोललात तर ताकीद देईन."

रणजित आपल्या जागेवर परत गेला. वहिनीशी भर मैदानात वाद घालायचा नाही एवढी त्याच्यात रीत होती. पण मला राग आला. म्हटलं, दीर म्हणून लाडीगोडी लावतोय होय? हा गलका असाच, त्याच्या कानाला नाही आला तर नाही, पंच कोण आहे इथं?

शेवटचं मिनिट लागलं आणि वडजाई फक्त एका गुणानं मागं होती. शेवटची चढाई. बजा आला.

अख्खं मैदान उभं होतं. बजा डावीकडं झुकला, उजवीकडं वळला, लांब पाय टाकून कोपऱ्याला शिवला आणि मागं उडी मारली. पण रणजित टपलेलाच होता. त्यानं घोटा धरला. बजा कोसळला तसे बाकीचे त्याच्यावर पडले, एकावर एक, पोत्यांची थप्पी लावल्यासारखे. खालनं बजाचा एक हात बाहेर आला. मातीत बोटं रुतवत तो हात मध्यरेषेकडं सरकायला लागला. बोट रेषेला लागलं असतं तर धरलेले सगळे बाद आणि वडजाई जिंकली. मी गुडघ्यावर बसले. तोंड अगदी मातीजवळ नेलं. बजाचं तोंड माझ्या कानापासनं वीतभर लांब होतं.

त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

बोट रेषेपाशी पोचत होतं आणि मी शिट्टी मारली. "दम तुटला. बाद."

पुढं काय झालं ते शब्दांत सांगायला जमणार नाही. एक बाजू नाचत आत आली, दुसरी बाजू माझ्या अंगावर आली. "सासरची झाली," कुणीतरी ओरडलं. "लग्न लावून दिलं तवाच गेली ती." आप्पा खुर्च्या सारत पुढं आले होते. मामंजी त्यांच्या मागं, हातात अजून पानाचा डबा.

ठोंबरे सरांनी मला बाजूला ओढलं. "शालन, नक्की ना? नसेल तर चढाई पुन्हा घेऊ. गर्दीत आवाज बुडाला असेल म्हणू. कुणाची हरकत येणार नाही."

सुटायची वाट होती, आणि सरांनी ती माझ्यासाठीच काढली होती. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पुन्हा चढाई घेतली तर बजा जिंकेल हे सगळ्या मैदानाला माहीत होतं.

"नक्की," मी म्हणाले. "वीतभर अंतरावर कान होता माझा. ओठ हलत होते, आवाज नव्हता."

सर काही बोलायच्या आत बजा मातीतनं उठला. दोन्ही गावं बघत असताना त्यानं स्वतःचा हात वर केला. बाद झालेला गडी आपणहून कबूल करतो तसा. मग कुणाकडं न बघता चालता झाला. वडजाईवाल्यांची तोंडं बंद झाली. कप्तानच हात वर करतो म्हटल्यावर भांडायचं कशासाठी?

आत्याबाईंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. "वहिनी असावी तर अशी," रणजितचे मित्र म्हणाले. मला त्या पेढ्याची शिसारी आली. "मी तुम्हाला काहीएक दिलेलं नाही," मी म्हणाले, पण नाचणाऱ्याला कोण काय सांगणार? मी गर्दीतनं वाट काढत बजाला शोधायला गेले.

तो मंडपामागं चहाच्या गाड्यावर बसला होता. हातात गरम पाण्याचा पेला. मी शेजारी बसले. जिल्ह्याचा संघ गेला, टायरचं दुकान आलं, आणि ते माझ्या शिट्टीनं.

"रागावलास?" मी विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग माझ्या कानाजवळ तोंड आणलं. नुसती हवा बाहेर आली. "दम तुटला न्हवता, आक्का."

"मग हात का वर केलास?"

"आवाज कुठं हुता? घसा बसलाय."

"आत्ता बसला?"

"न्हाई. मध्यंतरालाच गेला. पहिल्या डावात लई वरडलो. नंतर शब्द फुटंना."

"थापा मारू नको," मी म्हणाले. मला हसू आलं. "दुसऱ्या डावातल्या सगळ्या चढायांना मी तिथंच होते. तुझा आवाज मला ऐकू येत होता. चांगला ठणठणीत."

बजानं माझ्याकडं बघितलं.

"तुलाच येत हुता," तो म्हणाला.

तो बोनस. तो कोपरा. ते दोघं एकदम. रणजित हात वर करून सांगत होता, तोंड नुसतंच हलतंय, आणि मी त्यालाच ताकीद द्यायला निघाले होते. देवाशपथ, मी मुद्दाम काही केलं नव्हतं. बजाचे ओठ हलले की माझ्या कानात त्याची कबड्डी आपोआप वाजत होती, अंगणातली, लहानपणापासनं ऐकलेली. ती नाही हे कळायला मला त्याच्या तोंडाला कान लावावा लागला.

"मला वाटलं, तू जाणूनबुजून सोडतीस," बजा हवेतल्या हवेत म्हणाला. "म्हणून गप ऱ्हायलो. बाकीच्या येळी सोडलंस ते घेतलं. मग शेवटाला धरलंस तर भांडायला तोंड कुठनं आणू?"

तेवढ्यात भोंगा वाजला. ठोंबरे सरांचा आवाज. "जिल्ह्याच्या संघात निवड. उत्कृष्ट चढाईपटू. दुसऱ्या डावातल्या त्याच्या चढाया आपण सगळ्यांनी बघितल्या. संघ हरला तरी गडी हरला नाही. वडजाईचा बजरंग खोत."

मंडपापलीकडनं जो आरडाओरडा झाला त्यानं गाड्यावरच्या बशा हलल्या. पोरं धावत आली, बजाला खांद्यावर घेऊन निघाली. तो वळून वळून माझ्याकडं बघत होता. त्याच्या तोंडावर आनंद होता, लपवता येत नव्हता, आणि मला तो बघवत नव्हता. मी त्यांच्या आधी पळत स्टेजवर पोचले.

"सर, त्या चढाया खऱ्या नव्हत्या," मी धापा टाकत म्हणाले. "त्याचा घसा बसला होता. आवाजच नव्हता."

"तू पंच होतीस ना?"

"होते."

"शिट्टी मारलीस?"

"नाही."

"मग आवाज होता. पंचानं ऐकला म्हणजे ऐकला, विषय संपला." सरांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कशाला उकरतीस? अन् हे बोललीस तर पुरुषांचा सामना तुला परत कधी मिळेल असं वाटतं? पोराचं भलं होतंय. तुझंच आहे ना ते?"

"माझंच आहे सर. म्हणून तर झालं हे."

पोरांनी बजाला स्टेजवर उतरवलं. खाली आई दोन्ही हात जोडून उभी होती. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला मिठ्या मारत होते, मामंजींनाही मारली. समालोचकानं बजाच्या गळ्यात हार घातला आणि माइक हातात दिला. "कप्तान, दोन शब्द होऊन जाऊ द्या."

बजानं माइक तोंडाजवळ धरला. ओठ हलवले. काहीच आलं नाही. समालोचकानं माइकवर टिचकी मारली, ती अख्ख्या मैदानाला ऐकू गेली. त्यानं पुन्हा माइक बजाच्या तोंडाजवळ धरला. पुन्हा काही नाही. लोक हसायला लागले. पोराला आनंदानं बोलवेना, असं कुणीतरी म्हणालं. फक्त पुढं उभा असलेला रणजित हसत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता.

मी बजाच्या हातातनं माइक घेतला.

"ह्याचा घसा मध्यंतरालाच गेलाय," मी म्हणाले. "दुसऱ्या डावात ह्याच्या एकाही चढाईला आवाज नव्हता. तांबेखडीच्या कप्तानानं मला सांगितलं होतं, मी त्यालाच गप्प केलं. आवाज मला एकटीला ऐकू येत होता, कारण तो माझा भाऊ आहे. ते गुण वडजाईचे नव्हते. आणि ही निवड त्या गुणांवर झालीय."

हलगी थांबली. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, खुर्चीवर आपटली आणि मागं न बघता मैदानाबाहेर निघून गेले. आई जागेवरच उभी राहिली, हात अजून जोडलेलेच होते. तांबेखडीवालेसुद्धा नाचायचे थांबले. त्यांना काय वाटलं असेल ते असो, आत्याबाई तेवढ्या पुटपुटल्या, "भावाचं वाटोळं केलं बयेनं." ठोंबरे सरांनी कपाळाला हात लावला, मग जड पावलांनी पुढं येऊन निवड रद्द झाल्याचं सांगितलं आणि दुसऱ्याच गावच्या एका गड्याचं नाव वाचलं.

बजानं गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. सावकाश चालत तो माझ्यासमोर आला. वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारली असती तर मी गाल पुढं केला असता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचे ओठ हलले. बराच वेळ हलले.

"काय म्हणतोय तो?" ठोंबरे सरांनी विचारलं.

मला शब्दन् शब्द ऐकू आला होता. त्याच्या त्याच दांडग्या आवाजात.

"माहीत नाही सर," मी म्हणाले. "आवाजच नाही त्याला."